मल्लव्वाच्या विहिरीला तोड नाही

“अजून एक टाक,” मल्लव्वा म्हणाली.

सिदू धनगरानं दुसरा धोंडा विहिरीत सोडला. डुबुक काही झालं नाही. धोंडा खडखडत तळाला गेला.

“पानी न्हाय अव्वा.”

“हाय. झोपलंय.”

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मैंदर्गीच्या शिवारातल्या साऱ्या विहिरी आटल्या, पण मल्लव्वाच्या विहिरीला भिऊन दुष्काळ म्हणे तिच्या बांधावरूनच वळसा घालून जायचा. दर साली सिदू तिच्या रानात मेंढरं बसवी. रानाला खत मिळे, मेंढरांना पाणी. अट एकच. मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण भरली की सिदूनं मोठ्यानं ओरडायचं, “मल्लव्वाच्या हिरीला तोड न्हाय!” आवाज बारीक निघाला तर पुन्हा ओरडायचं.

आणि आज पहाटे भुई हलली. गावातल्या उतरंडी कोसळल्या. सगळ्या माळानंच झोपेत कूस बदलल्यासारखं झालं. खालच्या काळ्या खडकात पाणी ज्या भेगेनं यायचं ती मिटली आणि दुसरीकडं नवी उघडली.

“कुटं उघडली?” मल्लव्वानं विचारलं.

सिदूनं मुंडासं सारखं केलं. “माज्या माळावर. झरा फुटलाय. आता मीच जुंधळा पेरीन म्हनतो. मेंढरंबी तितंच बसवीन.”

“म्हंजे तुझा माळ रान, आन् माझं रान माळ?”

“भुईनं केलं की! मी काय ढकललं व्हय?”

मल्लव्वानं मनाशी हिशेब केला. खत नाही, पाणी नाही, म्हणजे दोन सालांत तिच्या रानात कुसळं उगवणार. तरी हार मानेल अशी ती बाई नव्हे. “मग हितं कशाला आलास रे?”

सिदूचा चेहरा पडला. “मेंढरं पान्याला तोंडच लावंनात. जिभा भाईर आल्यात. चला की जरा.”

घागर कमरेवर घेऊन ती निघाली. माळावर जमिनीला हातभर उंचीची नवी पायरी पडली होती. पायरीखालून काचेसारखं पाणी वाहत होतं आणि भोवती सारा कळप माना वर करून उभा होता.

मल्लव्वा दगडावर ऐसपैस बसली. “वरड.”

“अव्वा, झरा माजा हाय.”

“मग पाज की.”

एक कोकरू गुडघ्यांवर बसलं. सिदूनं त्याच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि छाती भरून ओरडला, “मल्लव्वाच्या हिरीला तोड न्हाय!”

साऱ्या माना एकदम खाली गेल्या.

बराच वेळ नुसता पाणी पिण्याचा आवाज. मग सिदू हसला. “ऱ्हाऊ द्या माजा जुंधळा. मेंढरं यंदाबी तुमच्याच रानात बसवतो. पानी हितनं न्या.”

“नेतेच की. माझंच हाय ते.”

शेवटचं कोकरू पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग घागर भरली आणि घरी न जाता विहिरीवर आली. आत डोकावली नाही. घागर डोणीत ओतली आणि पुन्हा माळाची वाट धरली.

मेंढरं रानात उतरली तेव्हा कोरड्या विहिरीच्या कडेला दगडी डोण काठोकाठ भरलेली होती. मल्लव्वा डोईवरचा पदर सारखा करून, सिदूच्या आवाजाची वाट बघत शेजारी उभी होती.