दोन सुना, एक खोकला

“एवढुशा झाकणानं का होते वं? घसा तं ओलाबी होत नाही!” माझ्या काठाला ओठ लावून रत्नाबाई कुरकुरल्या. इतक्या जवळून कोणी नावे ठेवली की जिवाला लागते.

मित्रांनो, मी खोकल्याच्या बाटलीवर पालथे बसणारे मापाचे झाकण आहे. आता जुने झाले आहे. माझ्या अंगावर बारीक रेघा आहेत. कारखान्यातल्या साच्यातून गरमागरम बाहेर पडले, तेव्हा मला वाटले, हे आपले दागिने. पुढे कळले, त्या मर्यादा आहेत. दागिने सगळे न्याहाळतात, मर्यादांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. किती घरांत मला फेकून बाटलीच तोंडाला लावतात, नाहीतर जेवणाचा मोठा चमचा पुढे करतात. माझी भावंडे बाहुलीच्या चहात गेली, दिवाळीत रांगोळीत बुडाली.

माझे नशीब बरे. साकोलीच्या औषधाच्या दुकानातून रत्नाबाईंच्या थोरल्या सुनेने, चंद्रकांताबाईंनी, मला एकोडी गावी आणले. दुकानदार जागरूक माणूस. त्याने विचारले, “खोकला कोरडाच आहे ना? कफ पडत असेल तर हे औषध नको, कफ दाबून ठेवायचा नसतो. आणि आजींना झोपेच्या, मनाच्या गोळ्या सुरू आहेत काय? या औषधाशी त्यांचं जमत नाही.”

“खोकला कोरडा हाय. गोळ्या काही नाही,” चंद्रकांताबाई म्हणाल्या. “सासूची जीभ तेवढी सुरू हाय.”

आता त्या घराविषयी सांगते. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे घरही फुटले. भोजराज आणि मधुकरराव या दोघा भावांनी चुली, बैल, धानाच्या कोठ्या वाटून घेतल्या. आई तेवढी वाटता आली नाही. रत्नाबाईंची खाट मधल्या ओसरीत राहिली, दोन्हीकडची.

पुढे दोघी जावांचा अबोला झाला. थोरल्या चंद्रकांताबाईंच्या शेळीने धाकट्या शकुनबाईंच्या वालाचा वेल खाल्ला, एवढेच निमित्त. तेव्हापासून त्या एकमेकींशी कोंबड्यांमार्फत बोलत.

“कोंबड्यांनो, काही लोकायले शेळी बांधता येत नाही!”

“कोंबड्यांनो, काही लोकायचा वेलच कुंपणाबाहेर लोंबते. मंग शेळीनं का डोळे मिटून जावं?”

कोंबड्या बिचाऱ्या दाणे टिपत दोन्ही बाजू ऐकून घेत.

मळणीच्या धुळीने रत्नाबाईंना ढास लागली. चंद्रकांताबाई मला उजेडात धरून रेघेपर्यंत औषध भरत, सकाळी आणि संध्याकाळी. मला धन्य वाटे. पण दोन दिवसांनी पाहते तो काय, खाटेखाली माझ्या शेजारी दुसरे झाकण! हुबेहूब माझ्यासारखे. शकुनबाईंनीही सासूसाठी बाटली आणली होती. माझे औषध लाल, त्याचे हिरवे. नावे वेगळी, पुडकी वेगळी. आत मात्र एकच खोकला दाबणारे औषध.

शेजारच्या धुरपताबाईंनी हे पाहिले. “अवो रत्नाबाई, दोन-दोन औषधं? मजा हाय तुमची!”

“मजा कायची बाई? थोरलीचं पेलं अन् धाकटीचं नाही पेलं, तं धाकटीले का वाटन? न्याय करा लागते.”

तो न्याय रोज चार वेळा होऊ लागला. माझ्या रेघेवर चंद्रकांताबाई कधी चुकल्या नाहीत, त्या झाकणाच्या रेघेवर शकुनबाई चुकल्या नाहीत. दोन्ही मापे बरोबर, आणि बेरीज दुप्पट! खाटेखालची दोन झाकणे दोघींनीही पाहिली होती, दोघा भावांनीही पाहिली होती. पण विचारायचे कोणी? विचारले की आपण आधी बोललो, असे झाले असते.

रत्नाबाई जेवताना घास हातात घेऊन झोपू लागल्या. एकदा शेळीला “भोजराज, जेवला का रे?” म्हणाल्या. भोजराज तिथेच उभे होते. त्यांना फार वाईट वाटले. “ओसरी काहून हालून राहिली?” असे त्या विचारत, तेव्हा मधुकरराव म्हणत, “वय झालं, आई.”

मग एका दुपारी त्या उठायला गेल्या, पाय लटपटले आणि कोठीला टेकून खाली घसरल्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. सगळे घर जीपमध्ये बसून दवाखान्यात गेले. मी चंद्रकांताबाईंच्या पिशवीत होते. ते दुसरे झाकण शकुनबाईंच्या पिशवीत.

“काय काय दिलं यांना? आणि किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“असंच, खोकल्याचं. थोडंसं,” चंद्रकांताबाई भिंतीला म्हणाल्या.

“मी तं... थोडंसंच,” शकुनबाई खिडकीला म्हणाल्या.

दोघे भाऊ वर पंख्याकडे पाहत राहिले. पंखा बंद होता.

“थोडंसं म्हणजे किती? यांचा श्वास मंद झालाय. खरं प्रमाण कळल्याशिवाय मी उपचार कशाच्या भरवशावर करू?”

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटले. झाकणाला तोंड असते, पण ते नुसते उघडे, आवाज नसतो. म्हणून तेव्हा जे म्हणता आले नाही, ते आता तुम्हाला सांगते. माझ्या रेघेपुढे एक थेंबही जाऊ देऊ नका. औषध देण्याआधी घरात विचारा, कोणी दिले तर नाही ना? दोन बाटल्यांची नावे वेगळी असली तरी आत काय आहे ते दुकानदाराकडून वाचून घ्या. लहान लेकरांना मनाने पाजू नका. आणि खोकला हटतच नसेल, तर बाटली बदलू नका, डॉक्टर गाठा. आम्ही खोकला थांबवतो हो, त्याचे कारण नाही.

दवाखान्याच्या खाटेवरून रत्नाबाईंचा हात खाली लोंबला. तो उचलायला दोघी एकदमच पुढे झाल्या. हात चंद्रकांताबाईंनी धरला. मग त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही, डॉक्टरीणबाईंकडेही नाही. जावेच्या तोंडाकडे सरळ पाहून त्या म्हणाल्या,

“शकुन, मी रोज दोन खेपा देऊन राहिली होती. तूबी देत होती, मले दिसे. दिसूनबी मी बोलली नाही. सांग वं, तू किती देलं?”