पुढे सरका

दंगलीला दोन वर्षं झाली तरी बस काही परत आली नव्हती. डेपोचा साहेब सांगून थकला होता, "वरची आळी, खालची आळी, दोघांनी मिळून एक थांबा ठरवा, सही करा, सोमवारी गाडी सोडतो." जुना थांबा समोरच्या लाँड्रीसकट जळालेला. नवा कुणाच्या दारात, यावर घोडं अडलं होतं. आज ठरलं नाही तर गाडी दुसऱ्या मार्गावर जाणार होती.

बैठक चालवायला दोन्हीकडून एकच नाव निघालं, निवृत्त कंडक्टरबाईचं. सव्वीस वर्षं तिने याच मार्गावर तिकिटं फाडली होती आणि दाराशी गर्दी केली की दोन्ही आळ्यांना सारखंच झापलं होतं. तिचा स्वतःचाही जीव त्या गाडीत अडकला होता. शेवटच्या थांब्याजवळ तिची थोरली बहीण राहायची. गुडघे कामातून गेलेले. फोनवर रोज एकच प्रश्न, "कधी येतेस गं?"

बैठक कशी चालवायची याचा एक कागद साहेबाने बाईला दिला होता. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, असं बरंच काही. तो तिने घरी दोनदा वाचला होता.

शाळेच्या हॉलला मागे दोन दारं. एकेका आळीने एकेक धरलं, वेळ पडली तर सटकायला बरं. पुढची बाकं ओस.

"थांबा आमच्या साबणवाल्यासमोर!"

"का? आमच्या औषधाच्या दुकानाला काय काटे आलेत?"

"तुमच्यात उतरेल कोण? जीव नकोसा झालेला!"

कागद राहिला बाजूला. बाह्या वर गेल्या, आणि बाईच्या तोंडून जुनी सवय निसटली, "चला, पुढे सरका! पुढे रिकामं आहे, दाराला लटकू नका!"

आणि सगळे सरकले. विचार करायच्या आत पाय उठले होते. भानावर आले तेव्हा दोन्ही आळ्या पुढच्या बाकांवर मांडीला मांडी लावून बसलेल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

खालच्या आळीचा लाँड्रीवाला नेमका वरच्या आळीच्या मास्तरांना खेटून बसला होता.

"मास्तर, कॉलरची काय ही दशा? बघवत नाही."

"दोन वर्षं मीच इस्त्री करतो," मास्तर कॉलर चाचपत म्हणाले. "कुणाकडे टाकू?"

बाई बोलायला उठली आणि तशीच खाली बसली. तोंड मिटून बसणं तिला आयुष्यात क्वचितच जमलं होतं.

"काडी लावणारी पोरं आमच्या आळीची," मास्तर म्हणाले. "माझ्या खिडकीखालून गेली. मी खिडकी लावून घेतली."

"मला वाटलंच होतं. पण दोन वर्षांत एकाने तरी येऊन सांगावं?"

"आता सांगतोय."

"एवढ्याने नाही भागायचं. मला पुष्कळ ऐकवायचंय तुम्हाला."

"मग ऐकव."

"इथे नाही. गाडीत. तासाभराचा रस्ता, मध्येच पळता येणार नाही तुम्हाला."

"बरं. खिडकीची जागा तू घे."

कोपऱ्यात सह्यांचा कागद घेऊन बसलेल्या साहेबाने हळूच विचारलं, "मग थांबा?"

"जुना होता तिथेच," लाँड्रीवाला म्हणाला. "माझ्या जळक्या दुकानासमोर. उतरणाऱ्याला दिसू दे."

साहेबाने कागद पुढे केला, वरच्या आळीने तो मास्तरांकडे सरकवला. पहिली सही मास्तरांची.

सोमवारी बाई पहिल्यांदाच बसून गेली. मागच्या सीटवर लाँड्रीवाल्याचं तोंड अखंड चालू होतं, आणि मास्तर ऐकत होते.

शेवटच्या थांब्यावर बहीण काठी टेकून उभी. "दोन वर्षं लावलीस गं!"

"काय करू ताई," बाई उतरत म्हणाली, "पॅसेंजर पुढे सरकत नव्हते."