गणपतच्या नावाचा बाक

मालवणहून येणारी एस.टी. जिथे वळते, त्या सुरूच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे. पाठीवर कोरले आहे, ‘कै. गणपत यांच्या स्मरणार्थ — मुलगा निलेश’. गणपतची विधवा काशीबाई रोज सकाळी तिथे बसलेली दिसे. लोक म्हणत, नवऱ्यावर किती ती माया!

माया होतीच. पण तिची खोली निलेशने डिसेंबरपासून पर्यटकांना दिली होती. “आये, सिझनापुरता ताईकडे रव,” तो म्हणाला होता. लेकीचे घर एका खोलीचे. आठ दिवसांनी काशीबाई परतली आणि बाकावर निजू लागली. कोणाला सांगितले नाही. बाकावर मुलाचेही नाव होते.

गाव सुशोभीकरण समितीत कोणी म्हणाले, “लोक बाकड्यांवर आडवे पडतत. बरा नाय दिसणा. मदी लोखंडी दांडे बसवया.” समितीत बसलेल्या निलेशने मान खाली घातली. पहिला हात वर केला बाबलीने. गणपतच्या होडीवरचा तो जुना सोबती.

दांडे बसले. बाबली बाजाराला निघाला, तेव्हा काशीबाई दोन दांड्यांमध्ये आखडून बसली होती.

“वयनी, गाडयेची वाट बघतंस?”

“माजी गाडी खंयची रे?” तिने पाठीवरच्या नावावर हात ठेवला. “चाळीस वर्सां ह्येंच्या कुशीत निजलंय. आता तुमी मदी दांडो घातलात.”

“तुजी मस्करी काय संपणा नाय!” बाबली हसत गाडीत चढला.

दांडे बसल्यापासून नवव्या दिवशी सकाळी ती बसल्या जागीच गेली.

“घराक न्हेवया,” बायका म्हणाल्या.

निलेश पुटपुटला, “खोल्येंत पावणे आसत. ते जायसर हयच निजवया.”

निजवायला गेले, तर दांडा आड आला. पाय सरळ होईनात. बाबली घरी गेला आणि लोखंड कापायची करवत घेऊन आला.

“काका, समितीचे दांडे ते!” निलेश म्हणाला.

“समितीत पयलो हात माजोच.”

दोन्ही दांडे कापायला अर्धा तास लागला. तोवर निलेशची बायको नम्रता सासूचे डोके छातीशी धरून उभी होती. मग काशीबाईने त्या बाकावर पाय पसरले.

स्मशानातून परतताना बाबली जेटीजवळच्या दुसऱ्या बाकापाशी थांबला. करवत हातात होती.

निलेश म्हणाला, “काका, आता कित्याक? आये गेली. हयसर कोण निजता?”

“माका ठावक नाय,” बाबली म्हणाला. “तेवाय ठावक नव्हता.”

आणि त्याने दांड्यावर पाते टेकवले.