खिडक्या लाव

अठ्ठावीस अंशांच्या खाली राहायला हवी होती ती तापमानाची रेघ बेचाळीसला जाऊन टेकली होती. उल्काने कॉम्प्युटरचा पडदा रुमालाने पुसून पाहिला, जणू धुळीमुळेच आकडा चुकला असावा. आकडा हलायचं नाव घेईना.

नोव्हेंबर २००६. बाहेर ब्रिस्टलमध्ये बोटं गोठवणारा गारठा आणि चाचणीच्या हॉलमध्ये जळगावचा मे महिना. हा हॉल म्हणजे भलीमोठी बंद पेटी होती. ती दिवसा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायची, रात्री विसापर्यंत निववायची. पेटीच्या आत उल्काने दोन फूट जाड मातीच्या भिंतींची एक खोली उभारली होती. खिडक्या लहान, वर छताजवळ, आणि त्यांची लाकडी झडपं हॉलबाहेरच्या बटणावर उघडमीट करणारी. रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, भिंती गार होऊ द्यायच्या. सकाळी बंद करायच्या आणि तो गारवा दिवसभर पुरवून वापरायचा. एसी नाही, विजेचं बिल नाही. जळगावात तिचे वडील सकाळी नऊच्या ठोक्याला घरभर फिरून हेच करायचे, आणि त्यासाठी त्यांना कुणी पदवी दिली नव्हती.

आखातातल्या वाळवंटात साठ घरांची वसाहत व्हायची होती. मातीची घरं बांधावीत म्हणून उल्का दोन वर्षं सगळ्यांशी भांडत होती. तिचा साहेब ग्रॅहम याला काँक्रीटचे डबे हवे होते, प्रत्येक डब्यावर एक धडधडणारा एसी. शेवटी त्याने तिला एकच संधी दिली. सोमवार ते बुधवार चाचणी, गुरुवारी अकराला यासिर येणार. वसाहतीच्या वतीने निर्णय त्याचाच होता. मध्ये कुणी आकडे उघडून पाहायचे नाहीत, असं ग्रॅहमचं फर्मान होतं.

आणि नेमके तेच तीन दिवस उल्काला दुसऱ्या कामाच्या बैठकांसाठी बर्मिंगहॅमला काढावे लागले. बटण तिने आश्लेषाच्या हवाली केलं.

आश्लेषा लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये जन्मलेली, डॉक्टर आईवडिलांची मुलगी. ऑफिसात भिंतींच्या मजबुतीचं गणित तिचं. घर गार कसं राहतं याच्याशी तिचा संबंध नव्हता. आठ महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा उल्काला कोण आनंद झाला! "माझ्याशी मराठीतच बोलायचं हं," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. पोरगी इंग्रजीत घसरली की उल्का ऐकू न आल्यासारखं करायची. त्या हट्टाचं तिला कौतुकही होतं.

आता घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आश्लेषा, तू नक्की काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच, उल्काताई. फोनवर रोज म्हणायचा ना तुम्ही, दिवस सुरू झाला की खिडक्या लाव. मी एक्झॅक्टली आठला लावल्या. मग नाइट सायकल सुरू झाली की बंद केल्या."

उल्का तिच्याकडे बघतच राहिली. "लावल्या आणि मग बंद केल्या? लावल्या म्हणजे काय केलंस?"

"म्हणजे ऑन. ओपन." आश्लेषाचा आवाज बारीक झाला. "टीव्ही लाव, दिवा लाव, हीटर लाव. आई नेहमी असंच म्हणते."

"अगं, खिडकी लावणं म्हणजे बंद करणं! दार लावणं, खिडकी लावणं!"

"आमच्या घरी डोअर बंद करतात. मग तुम्ही बंद कर असं का नाही म्हटला?"

"बाहेर पंचेचाळीस असताना खिडकी उघडायची, हे तुझ्या डोक्याला पटलं तरी कसं?"

"गरम झालं की विंडो उघडतातच ना? या जुलैमध्ये आख्ख्या वॉटफर्डने उघडल्या होत्या."

उल्काला तिचा संताप आला, आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा. एकदा, फक्त एकदा ती इंग्रजीत बोलली असती तर! मंगळवारीसुद्धा तिने विचारलं होतं, "खिडक्या लावल्यास ना?" आणि "हो, लावल्या" असं अस्सल मराठी उत्तर ऐकून ती ट्रेनमध्ये स्वतःशीच हसली होती.

अकराला यासिर आला. तो शांत, पन्नाशीचा माणूस होता. रेघ पाहून ग्रॅहमने भुवया उंचावल्या. त्याला झालेला आनंद लपत नव्हता.

"झडपं उलटी चालवली गेली," उल्का म्हणाली. "दिवसा उघडी, रात्री बंद. चूक माझ्या सूचनेत होती. मला अजून तीन दिवस द्या, रेघ अठ्ठावीसच्या वर जाणार नाही."

"बटण कोणाकडे होतं?" ग्रॅहमने विचारलं.

"सूचना माझी होती," ती पुन्हा म्हणाली. मागे उभ्या आश्लेषाने मान खाली घातली.

यासिरने सगळं समजून घेतलं. शब्दाचा घोटाळा ऐकून तो हसलाही, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

"तुमची खोली चांगली आहे," तो म्हणाला. "यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या साठ घरांत वीस देशांची माणसं राहतील. निम्मी थंड देशांतली. गरम झालं की ती खिडक्या उघडणारच. तुमच्याच ऑफिसातल्या, तुमचीच भाषा बोलणाऱ्या इंजिनिअरला हे कळलं नाही. त्या साठ दारांत उभं राहून रोज सकाळी कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत?"

उल्काकडे दोन वर्षांची गणितं होती. भिंतीची जाडी, वाऱ्याची दिशा, सावलीचे कोन. या प्रश्नाचं गणित नव्हतं. एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत आपल्याला सुचली नाही, याने ती आतून पार चिडून गेली. रविवारी यासिरच्या मंडळाची बैठक होती. थांबायला वेळ नव्हता. साठ डबे आणि साठ एसी ठरले, आणि ग्रॅहमने कॉफी मागवली.

साडेचारलाच अंधारून आलं. हॉलचे हीटर बंद झाले होते आणि मातीची खोली अजून धग सोडत होती. उल्का टेबलाशी बसून नकाशांच्या गुंडाळ्या करत होती. आश्लेषा कोट घालून दाराशी आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"सॉरी, उल्काताई. खरंच."

"जा तू घरी. तुझी चूक नाही." उल्काने वर पाहिलं नाही. "गारठा आत येतोय. जाताना दार लाव."

पावलं वाजली नाहीत. आश्लेषा दाराच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी होती, उल्काच्या चेहऱ्याकडे बघत, चुकायच्या भीतीने.

उल्काने गुंडाळी खाली ठेवली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच तिच्याशी इंग्रजीत बोलली.

"शट," ती म्हणाली. "शट द डोअर, प्लीज."

दार अगदी बरोबर बंद झालं.