ओब्दुलियाबाईच्या पर्समधला पांढरा रुमाल

मित्रांनो, तुम्ही कागदाच्या तुकड्याने नाक पुसता आणि तो फेकून देता. तुम्हाला माझी ओळख पटणे अवघडच आहे. मी एक जुना रुमाल आहे, सुती, पांढराशुभ्र, चारही कडा हाताने दुमडून शिवलेला. वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा असेन, पण अंगावर एक डाग दाखवा म्हणावे!

माझा जन्म पुएर्तोसाल बंदरातला. ओब्दुलियाच्या वडिलांच्या रविवारच्या सदऱ्याची कॉलर विरली, तेव्हा तिच्या आईने पाठीचे चांगले कापड कापून घेतले आणि पोरीपुढे टाकले. ओब्दुलिया तेव्हा मासळीच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. दिवसभर बोटभर लांबीची अँचोवी सोलून, मिठात थर लावून तिच्या बोटांना भेगा पडायच्या. त्याच बोटांनी तिने मला शिवले. मी तिच्याच हातात वाढलो, म्हणून माझी जीभही तिच्यासारखीच आहे. कोणाला लागली तर लागू दे.

आता माझे काम सांगतो. आमच्याकडे फुटबॉलच्या मैदानावर लोकांचे डोके फिरले की ते शिव्या देतात, ते तर सगळीकडेच देतात. पण अगदीच सहन होईनासे झाले की लोक उठतात, खिशातून पांढरे रुमाल काढतात आणि डोक्यावर हलवतात. अर्थ एकच : प्रशिक्षक, सामान बांध आणि घरी जा. सगळे मैदान पांढरे झाले की भले भले पांढरे पडतात.

ओब्दुलिया पत्र्याच्या छपराखालच्या स्टँडमध्ये बसायची. तरुणपणी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटी. एकदा एका प्रशिक्षकाने पाय दुखावलेल्या खेळाडूला, तो लंगडत असताना, हट्टाने मैदानात ठेवले. ओब्दुलिया उठली. तिने मला काढले आणि एकटीने हलवले. क्षणभर कोणी हलले नाही. मग शेजारचा उठला, मग मागची रांग, मग सगळे मैदान. संध्याकाळी त्या प्रशिक्षकाची बॅग बसच्या टपावर होती. तेव्हापासून आमच्या स्टँडचा रिवाजच पडला, की ओब्दुलियाबाईने काढल्याशिवाय कोणी रुमाल काढायचा नाही. लोक खेळाकडे कमी आणि तिच्या पर्सकडे जास्त बघायचे. खोटे कशाला बोलू, माझी मान ताठ झाली होती. मी नाक बघितले नव्हते, घाम बघितला नव्हता. ती कामे चौकड्याच्या निळ्या रुमालाची. मी फक्त निकाल द्यायला होतो.

मग कासिमिरो प्रशिक्षक म्हणून आला. तो आधी हरला, मग जिंकू लागला, मग जिंकतच राहिला, आणि मला कोणी विचारेना. किल्ल्या, पुदिन्याच्या गोळ्या, चष्म्याचे घर, या सगळ्यांच्या खाली मी वर्षानुवर्षे घडी करून पडून होतो. इस्त्री मात्र ती दर महिन्याला करायची. सुखाच्या दिवसांत आमच्यासारख्यांना कोण विचारतो?

शेवटी कासिमिरोचे गुडघे गेले. रडारड झाली, हारतुरे झाले, आणि एलादियो आला. वयाने चाळिशीचा, बारीक चेहऱ्याचा, बायको आणि दोन मुली बरोबर घेऊन. उन्हाळ्यात लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले होते. कासिमिरोसारखे जिंकायचे, पण त्याच्याहून देखणे खेळायचे, आणि पुढच्या वर्षी स्पर्धेच्या वरच्या विभागात जायचे. एवढीच साधी मागणी! एलादियो पोरांना चेंडू लांब मारू देईना. जवळ द्या, परत घ्या, पुन्हा द्या. पोरे गोंधळली आणि हरली. पुन्हा हरली. पाने गळू लागली तशी लोकांची माया गळाली.

एका सकाळी ओब्दुलियाबाई बेकरीत रांगेत होती आणि मी पर्समध्ये. एलादियो पुढे गेला तेव्हा फेलिसा बेकरीवाली म्हणाली, "पाव संपला."

"मग मागं फळीवर काय विटा ठेवल्यात?" बाई म्हणाली.

फेलिसा फडक्याने काउंटर पुसू लागली.

"कासिमिरो आला त्या पहिल्या वर्षी आपण किती जिंकलो होतो गं?"

"आता ते कुठं आठवतंय."

"मला आठवतंय. दर रविवारी रडत शटर खाली ओढायचीस. दे त्याला पाव. गरम दे."

एलादियोने पाव घेतला. तो हळूच म्हणाला, "बाई, मुलींची नावं आत्ताच शाळेत घातलीत. क्लबचे अध्यक्ष रुमालांची वाट बघतायत. एकदा मैदान पांढरं झालं की मला त्याच दिवशी जावं लागेल."

आमच्या अध्यक्षाचे असेच. त्याला फुटबॉल कळत नाही, पांढरा रंग तेवढा कळतो.

ओब्दुलियाबाईने सगळ्या रांगेकडे वळून पाहिले. "नाताळापर्यंत पत्र्याखालून रुमाल निघणार नाही. हा माझा शब्द. सगळ्यांनी ऐकलं ना? आणि तुम्ही हो, त्या डाव्या बाजूच्या पोराला सांगा, चेंडू आला की डोळे मिटत जाऊ नकोस."

तिने उभ्या जन्मात शब्द मोडला नव्हता. बंदरात कर्ज मिळेल न मिळेल, ओब्दुलियाबाईच्या शब्दावर लग्ने ठरायची.

शेजारच्या खुर्चीवर तिचा भाचा सेल्सो बसायचा. मासळीच्या लिलावात आरोळ्या देणे हाच त्याचा धंदा, त्यामुळे कुजबुजला तरी गोलरक्षक दचकायचा.

"आत्या, काढ की आता! याच्यापेक्षा आपली बोट बरी खेळेल."

"सेल्सो, अँचोवी मिठात घातली की किती महिने पिंपाचं झाकण उघडत नाहीस?"

"ती मासळी आहे, आत्या!"

"मासळीसाठी धीर आहे, माणसासाठी नाही. शाबास! बिया खा."

तो मुकाट्याने सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचा.

आणि मग तो रविवार उजाडला. पाऊस तिरका येत होता, छपराखालीही खुर्च्या ओल्या. ओब्दुलियाबाईला दोन दिवसांपासून पडसे. खुर्ची कोरडी करता करता निळा रुमाल चिंब झाला. खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात आमच्या पोरांनी स्वतःच्याच गोलपुढे चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे करत पाहुण्यांच्या पायात नेऊन दिला. गोल! साऱ्या मैदानाने दातओठ खाल्ले.

तेवढ्यात बाईच्या नाकात सुरसुरी आली. निळा रुमाल पिळायच्या लायकीचा, म्हणून तिचा हात पर्समध्ये गेला, आणि हाताला लागलो मी. तिने मला बाहेर ओढले. शिंक मात्र येता येता अडली. तोंड वर, डोळे मिटलेले, हात डोक्याइतका उचललेला, आणि हातात मी, पांढराशुभ्र.

"काढला!" सेल्सो लिलावाच्या आवाजात ओरडला. "आत्यानं काढला!"

काय सांगू मित्रांनो! आधी आमची रांग उठली, मग सगळा स्टँड, मग समोरचा, मग कोपरे. कितीतरी आठवडे खिशात दाबून ठेवलेले रुमाल एकदम फडफडले. कागदी, सुती, कोणाचा टेबलावरचा, कोणाचा नुसता गळपट्टा. अध्यक्ष आपल्या काचेच्या खोलीत उभा राहिला. एलादियोने वर पाहिले आणि कोटाची बटणे लावायला सुरुवात केली, घरी निघायच्या वेळी लावतात तशी.

तेव्हा कुठे शिंक आली.

"अरे मेल्यांनो, शिंक होती! शिंक!" बाई ओरडली. कोण ऐकतो? तिच्याच नावाने रुमाल हलत होते आणि तिचाच शब्द तिच्याच डोळ्यांदेखत मोडत होता.

मग ती निघाली. "सरक रे, पाय घे, तुझ्या बापाचा जिना आहे का?" असे करत पायऱ्या उतरली आणि थेट खालच्या कठड्याला जाऊन भिडली. पलीकडे दोन हातांवर एलादियो. ती स्टँडकडे तोंड करून उभी राहिली. लोकांना वाटले, आता हलवणार. त्यांनी आणखी जोरात हलवले.

तिने मला दोन्ही हातांनी पसरले, सगळ्यांना नीट दाखवले, आणि माझ्यात नाक शिंकरले. असे शिंकरले, की बंदरात धुक्यातल्या बोटीचा भोंगा वाजावा. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग मला उघडून पुन्हा दाखवले.

खालच्या रांगेत एकजण हसला. मग त्याच्या शेजारची. हसू रांगारांगांनी वर चढत गेले.

"शिंकराऽऽ!" बाई गरजली. "एवढे बाहेर काढलेत ना? मग कामाला लावा!"

आणि मित्रांनो, सेल्सोने शिंकरले. लाजून, मान खाली घालून, पण लिलावातल्या ताकदीने. मग त्याच्या मागच्यांनी. थंडीचे दिवस, नाके वाहत होतीच. सगळ्या पत्र्याखालून असा आवाज उठला की रेफ्रीने शिट्टी आपण वाजवली की काय म्हणून हात तपासला. आणि एकदा नाक शिंकरलेला रुमाल डोक्यावर कोण फिरवणार? सगळे मुकाट्याने खिशात गेले. समोरच्या स्टँडनेही हात खाली घेतले. अध्यक्ष थोडा वेळ उभा राहिला आणि मग बसला.

एलादियो कठड्यापाशी आला. तो हसत होता, पण डोळे ओले होते. "बाई, हे मी कधी विसरणार नाही."

"मला विसरा, पण मागच्या पोरांना सांगा, स्वतःच्या दारात चेंडूशी खेळत बसू नका," ती म्हणाली. "आणि ती बटणं काढा. खेळ संपलेला नाही."

आम्ही तो सामना हरलोच. गोष्टीतल्यासारखे काही झाले नाही. पण पुढचा बरोबरीत सुटला, त्याच्या पुढचा जिंकला, मग पुन्हा एक हरला. डाव्या बाजूचा पोरगा डोळे उघडे ठेवून गोल करायला शिकला. आणि बाईने मला कोमट पाण्यात साबणाने धुतले, दोरीवर वाळवले, इस्त्री केली. मला तर वाटले होते, माझी इज्जत गेली. पण त्या ओल्या दुपारी जे काम मी केले, त्याच्या पासंगालाही माझे जुने निकाल पुरणार नाहीत. निकाल द्यायला कोणीही फडकतो. एका म्हातारीची शिंक आणि एका माणसाचे घर, दोन्ही सांभाळणारा रुमाल दुसरा दाखवा.

नाताळाच्या आधीचा शेवटचा सामना आला. आम्ही तेव्हा ना वर, ना तळाला, असे मध्ये लोंबकळत होतो. खेळ बरोबरीत संपला. लोक उठेनात. बिया फोडण्याचा आवाजही थांबला.

"आत्या," सेल्सो म्हणाला, आणि त्याचा आवाज सगळ्या स्टँडला ऐकू गेला, "नाताळ आला. तुझा शब्द संपला."

ओब्दुलियाबाईने पर्स बंद केली, खटकन.

"संपला? मी सालाचं नाव घेतलं होतं का रे?"

मित्रांनो, एक सुती रुमाल जवळ बाळगा. तो धुवा, वाळवा, घडी करून ठेवा, म्हणजे माझ्यासारखा जन्मभर साथ देईल. आणि कोणी नवा माणूस अवघड कामाला लागला असेल, हरत असेल, शिकत असेल, तर त्याच्यापुढे रुमाल फडकवायच्या आधी थोडे थांबा. हात फारच शिवशिवत असतील, तर नाक पुसा.