गाव शिवेबाहेर, मी जागी

बेळगावजवळ कंग्राळीच्या पलीकडं एक गाव. गावात मष्णूअण्णा, त्याची कारभारीण मालुबाई, लेक सूरज आणि सून माधवी. लेक पोटासाठी पुण्यात, बाकीची घरात. त्याच घरात मीही. मी चिप बोलतेय. असेन बोटाच्या नखाएवढी, पण तोऱ्याला कमी नाही हं!

सर्व्हर नावाचं मोठं यंत्र असतं ना, दिवसरात्र काम ओढणारं, त्याच्या पोटात मी बसते. माझं काम एकच, राखण. यंत्र तापलं, पंखा अडकला, की मी हाक मारायची. यंत्र बेशुद्ध पडलं तरी मी जागी. माझी वायर वेगळी, सिमकार्ड वेगळं. आजारी माणूसच वैद्याला बोलवायला कसा जाणार? म्हणून ही निराळी वाट.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. तिथनं बेळगावच्या एका कचेरीत आले. तिथं मला कोण विचारतंय! माझ्या वायरीचं भोक रिकामंच, त्यात कोळ्यानं जाळं विणलं. माणसांची रीतच ती. राखणदार ठेवतात आणि त्याच्याशी बोलत नाहीत.

माधवीनं ते यंत्र जुन्या बाजारातनं घरी आणलं. आधी जाळं पुसलं, मग माझी वायर जोडली. म्हणाली, "आता बोल बाई. मी ऐकते."

निपाणीच्या एका दवाखान्याचे एक्स-रे फोटो आमच्या यंत्रात ठेवायचे, डॉक्टरांनी मागितले की दाखवायचे, असं काम तिला मिळालं होतं. पण परीक्षेपुरतं. महिनाभर खंड पडला नाही तर कायमचं. काम कायमचं झालं की सूरज पुणं सोडून तिच्या जोडीला येणार. मालुबाईचा सगळा जीव त्यातच अडकलेला.

त्या महिन्यातच देवीच्या जत्रेआधी गावानं वार पाळला. वाराच्या दिवशी चूल पेटत नाही, गिरणी फिरत नाही. सगळं गाव कुलपं लावून शिवेबाहेर जातं, दिवस मावळेपर्यंत माघारी पाऊल नाही. दवाखान्याचं म्हणून पंचांनी आमचं यंत्र तेवढं चालू ठेवायला सांगितलं. माणसं गेली. अख्ख्या गावात जागी मी एकटी.

ऊन चढलं तशी खोली तापायला लागली. यंत्र धापा टाकू लागलं, त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही. मी माझ्या वाटेनं माधवीच्या मोबाईलवर हाक घातली. पुढचं बोलणं मालुबाईनं माझ्याच खोलीत बसून येईल त्याला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय.

माधवी झाडाखाली भाकरी सोडत होती. मोबाईल बघून ताडकन उठली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, एसी चालू होता न्हवं?"

"म्याच बंद केला की," मष्णूअण्णा रुबाबात म्हणाला. "भिंतीभाईर त्याचं चाक गरागरा फिरत व्हतं. आज फिरणारं काय बी चालवायचं न्हाय."

"चांगलं केलासा!" मालुबाई कडाडली. "लेकाची घरला यायची वाट बी बंद केलासा!"

अण्णाचं तोंड एवढंसं झालं. माधवी घराकडं धावली, तर पंचांनी शिवेवर राखणीला बसवलेला भरमू आडवा. "वैनी, शीव वलांडू नगासा. साऱ्या गावाचा वार मोडंल."

माधवी थांबली. सगळ्यांच्या श्रद्धेवर पाय देऊन कसं जायचं? तिथंच बांधावर बसली आणि मोबाईलवरनं मला हुकूम सोडला, 'आतले पंखे जोरात सोड. यंत्राला वीज कमी दे, सावकाश काम करू दे.' मी दोन्ही केलं.

भरमूनं मान वाकडी करून मोबाईलात डोकावलं. "म्हंजे आत पंखं फिरणार की! मग वार मोडला न्हवं?"

"भरमू," मालुबाई म्हणाली, "तुझ्या छातीत श्वास फिरतोय त्यो वार पाळतोय व्हय? थांबव बघू!"

सगळं गाव हसलं. भरमूही हसला.

तेवढ्यात निपाणीहून डॉक्टरांचा फोन. "माधवीताई, फोटो फार सावकाश येतोय."

"पण येतोय न्हवं, डॉक्टर?"

"येतोय."

इकडं यंत्राचा ताप चढत चढत आला आणि मी धरून ठेवला तिथंच थांबला. आणखी चढता तर यंत्र आपोआप बंद पडतं आणि खंड पडता. पण पडू दिला नाही मी!

दिवस मावळला. शीव मोकळी झाली तसा मष्णूअण्णा धोतर सावरत सगळ्यांच्या पुढं पळत आला आणि त्यानं एसी लावला. घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही.

महिना भरला. दवाखान्यानं काम कायमचं दिलं, शेजारच्या आणखी एका दवाखान्यालाही माधवीचं नाव सांगितलं. मग एका सकाळी दारात रिक्षा थांबली. सूरज उतरला, गादीच्या वळकटीसकट. मालुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडता रडता त्यालाच रागावली, "किती वाळलास रं!"

आता सूरज माझ्या हाका ऐकायला शिकलाय. एक हाक माधवीला, एक त्याला. घरात रोज चार ताटं मांडली जातात, भांड्यांचा आवाज माझ्यापर्यंत येतो. जेवा बाबांनो पोटभर. मी जागी आहे.