पूर्ण आकाराची फाइल

‘कामून वाजंना गं?’ इंदिराबाईंनी सुनेला हळूच विचारलं.

जनवाड्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेच्या सकाळी माणसं हात जोडून बसली होती. लाउडस्पीकरवाल्या बंडेप्पानं लॅपटॉपला वायर जोडून दिली होती. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. प्रेरणानं कडेवरची लेक, मेत्ता, सासूकडे दिली आणि फाइल पुन्हा उघडली. नाव बरोबर होतं. आकारही बरोबर, शेवटच्या आकड्यापर्यंत.

फाइल होती सासऱ्यांच्या, बळीराम अप्पांच्या आवाजाची. विहारात वंदना नेहमी तेच सांगत. ते एक ओळ म्हणत, मागून सगळे म्हणत. हिवाळ्यात हैदराबादला घशाच्या गाठीपायी त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्याआधी प्रेरणानं मोबाइलवर त्यांच्याकडून सगळी वंदना म्हणवून घेतली होती. शेवटी त्यांनी आपण होऊन नातीला हाक मारली होती, ‘मेत्ता, ये बाळ.’

घरचा लॅपटॉप भावकीतली पोरं खेळायला न्यायची. कुणी पुसू नये म्हणून पुण्याला कंपनीत असलेल्या नवऱ्यानं, रत्नपालनं, फोनवर सांगून सांगून तिच्याकडून पासवर्डवालं फोल्डर करून घेतलं. फाइल त्यात उतरत असतानाच लाइट गेली आणि लॅपटॉपही बंद पडला, बॅटरी जुनी. लाइट आल्यावर तिनं मोबाइल लॅपटॉपशेजारी धरून दोन्हीकडचा आकडा ताडून पाहिला. गॅस बंद केलाय का, हे दोनदा उठून बघणारी ती. आकडा जुळला. मेत्ताची पहिली पावलं टिपायला मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून तिनं त्यातली फाइल काढून टाकली. एकदा ऐकून बघायचं मात्र राहिलं. अप्पा तेव्हा दवाखान्यात होते. तो आवाज ऐकायचा तिला धीर झाला नव्हता.

विहाराच्या पायरीवर येऊन तिनं रत्नपालला फोन लावला, फाइल वाजत नसल्याचं सांगितलं.

‘फाइल उतरताना मधी लाइट गेलती का?’ त्यानं विचारलं.

‘व्हय. पण आकडा पूर्ण दावायलाय की.’

‘कुलपाच्या फोल्डरात असं व्हतंय. फाइल केवढी ते आधी लिहितंय, आतलं मागून भरतंय. भरायच्या आतच बंद पडलं असंल.’ मग त्यानं विचारलं, ‘मोबाइलातलं हाय न्हवं?’

‘काढून टाकलं.’ तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘अप्पांना मी सांगू का?’

‘न्हाई. मीच सांगते.’

आत येऊन ती सासऱ्यांजवळ वाकली. ‘अप्पा, फाइल कोरी हाय. मोबाइलातली मीच काढून टाकली.’

अप्पांनी गळ्यावरचं फडकं सारखं केलं. लॅपटॉप हलकेच मिटला. मग ते उठून बुद्धमूर्तीजवळ आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलले.

माणसं थांबली. त्यांच्या आवाजाला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबली, आणि मग सगळ्यांनी मिळून पहिली ओळ म्हटली. पुन्हा ओठ, पुन्हा तेवढीच शांतता. अशी पूर्ण वंदना झाली.

शेवटी लोक उठू लागले, तरी अप्पांचे ओठ आणखी एकदा हलले. काय म्हणाले ते फक्त प्रेरणाला कळलं.

मेत्ता सासूच्या मांडीवरून उतरून, पाठमोरी, बंडेप्पाच्या वायरीशी खेळत होती. प्रेरणानं तिला खांद्याला धरून अप्पांकडे वळवलं.